दोन तुकड्यांची चावी

माझ्या नवऱ्याच्या कपाळावर जी खोक आहे, ती माझ्या हातची. लोखंडी बादलीच्या काठाने पडलेली. हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक आपापल्या सोयीने सांगतात. वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर वाटतं. पुन्हा तशी वेळ आली तर मारशील का, असं विचारलं तर मारीन, आणि या खेपेला उशीर करणार नाही.

मी कपडे शिवते. चौकाच्या कोपऱ्यावर माझं दुकान, दाराशीच मशीन. चौकातून एक रस्ता चढाने वर जातो, दुसरा उताराने खाली. वरची गल्ली आणि खालची गल्ली. आमचं घर वरच्या गल्लीच्या तोंडाशी. चौकाच्या मधोमध सिमेंटचा एक खड्डा आहे, उभा माणूस मावेल एवढा खोल, आणि त्यावर दोघांनी उचलावं असं सिमेंटचं जाड झाकण. टेकडीवरच्या टाकीतून पाण्याची मोठी लाईन येते ती या खड्ड्यात. खड्ड्यात एक व्हॉल्व्ह, त्याच्या पुढे हातभर पाइप, आणि मग दोन फाटे. फाट्यावरची पट्टी जिकडे फिरवावी तिकडे पाणी, वर नाहीतर खाली. टाकीच्या तोंडाशीही एक व्हॉल्व्ह आहे म्हणतात, पण तो गंजून असा बसलाय की त्याला हत्तीसुद्धा हलवणार नाही. थोडक्यात, सगळ्या वस्तीचा घसा त्या खड्ड्यात.

तो खड्डा सांभाळायचा माझा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून सगळे त्याला टिल्ल्या म्हणायचे. पुढे वाढता वाढता दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आई गेली तेव्हा तो बोबडं बोलत होता. त्याला न्हाऊ घातला मी, शाळेत फरफटत नेला मी, आणि लग्न होऊन या घरी आले तेव्हा त्यालाही बोटाला धरून आले. सासरचे तोंड वाकडं करतील वाटलं होतं. पण नवरा म्हणाला, राहू दे, ताटात एक पोळी जास्त. तेवढ्या एका वाक्यावर मी त्याचं पुढचं बरंच काही खपवून घेतलं.

दोन वर्षं पाऊस नीट झाला नाही. तिसऱ्या वर्षी तर त्याने तोंडच दाखवलं नाही. विहिरी खरवडून झाल्या, बोअरला नुसती हवा यायला लागली, तेव्हा कुठे लोकांना पाण्याचं नियोजन आठवलं. तहान लागल्यावर विहीर खणायची, ही आमची जुनीच खोड. शाळेच्या वर्गात सभा भरली. लहान पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे हनुवटीला टेकवून बसली आणि एकमेकांवर ओरडली. शेवटी समिती नेमायची ठरली. प्रमुख कोण, यावर वरचा चालेना खालच्यांना आणि खालचा चालेना वरच्यांना. माझं दुकान चौकात, म्हणजे ना वर ना खाली, म्हणून माझ्या गळ्यात घंटा बांधली.

पण गळ्यात पडलंच म्हटल्यावर मी काम चोख केलं. शिवणाच्या टेपला कात्रीचं वजन बांधून टिल्ल्याकडून टाकीची खोली मोजून घेतली. पावसापर्यंत टाकीत नवं पाणी येणार नव्हतं, म्हणून त्यातलं निम्मं राखीव. उन्हाळ्याच्या शेवटच्या, सगळ्यात वाईट दिवसांसाठी. त्याला तोवर कुणी हात लावायचा नाही, माझ्या सख्ख्या बापाने मागितलं तरी. उरलेलं पाणी एक दिवस वर, एक दिवस खाली, तासभर. कपडे धुतलेलं पाणी संडासात. भांडी राखेने. अंगण धुताना कुणी दिसलं तर त्याचा नळ बंद, आणि मी दोघांचे केलेही होते. त्यातली एक माझी चुलत नणंद. ती अजून बोलत नाही, माझं काही अडत नाही.

पाणी वाटता येतं हो, विश्वास वाटता येत नाही. टिल्ल्या आमच्या घरात राहतो म्हणून खालची गल्ली म्हणायची, हा वरच्यांना जास्त सोडतो. टिल्ल्या सकाळी खालच्या बेकरीत चहा प्यायचा म्हणून वरची गल्ली म्हणायची, हा पाववाल्याचा मिंधा आहे. रोज कुणीतरी त्याची गचांडी धरायचं. एकदा त्याचा शर्ट मागून टराटरा फाटून आला. मी तो शिवला आणि डोकं फिरलं. म्हटलं, पुन्हा सभा.

त्या सभेत ते ठरलं. जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. व्हॉल्व्हची चावी म्हणजे लांब लोखंडी दांडा, वर आडवी मूठ, खाली चौकोनी भोकाचं टोपण. ते टोपण व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवायचं आणि दांडा फिरवायचा. तर ही चावी कापायची. दांडा वरच्या गल्लीकडे, टोपण खालच्या गल्लीकडे. दोघे हजर असतील तेव्हाच चावी जुळेल, व्हॉल्व्ह उघडेल. उघडला की दोघांनी आपापला तुकडा काढून न्यायचा, बंद करायच्या वेळी पुन्हा आणायचा. मग कुणी म्हणालं, चौकोनी डोकं पान्याने फिरवलं तर? म्हणून त्या डोक्याभोवती लोखंडी नळकांडं वेल्ड करून टाकलं. पाना आत जाणार नाही, फक्त टोपण जाईल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकमताने मंजूर झालेला आमच्या वस्तीतला तो एकमेव ठराव.

दांडा सांभाळायला दिला माझ्या नवऱ्याकडे. तो सुतार, हाताने भक्कम आणि डोक्याने हट्टी. टोपण दिलं पाववाल्याकडे. पाववाला म्हणजे खालच्या गल्लीचा अर्धा आवाज. पाणी नाही तर पीठ मळायचं कशात, आणि पीठ नाही तर भट्टी पेटवायची कशाला, म्हणून तो सगळ्यांच्या आधी चिडायचा. टिल्ल्या दोघांच्या मधे. तो मला म्हणाला, ताई, आता मला कुणी चोर म्हणणार नाही. मला बरं वाटलं.

थोडे दिवस खरंच सुरळीत गेलं. मग वाद निघाला तासाचा. टाकीतलं पाणी उतरलं तशी लाईनमधे हवा धरायला लागली. व्हॉल्व्ह उघडला की आधी नळ नुसते फुसफुसायचे, थुंकायचे, आणि मग कधीतरी पाणी. खालच्या गल्लीचं शेवटचं घर पार लांब, तिथे हवा निघून पाणी पोचेस्तोवर तास निम्मा संपायचा. वरचे म्हणायचे, तास व्हॉल्व्ह उघडल्यापासून. खालचे म्हणायचे, तास शेवटच्या नळाला पाणी आल्यापासून. दोघांचं म्हणणं त्यांच्या त्यांच्या परीने बरोबर, तिथेच तर घोळ होता. समितीत मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा सभा बाकं आपटून उठली.

त्या दिवशी पाळी खालच्यांची होती. सकाळ होती, ऊन अजून चढायचं होतं. मी मशीनवर बसले होते. नवऱ्याने आणि पाववाल्याने तुकडे जुळवले, टिल्ल्याने व्हॉल्व्ह उघडला, दोघे आपापला तुकडा घेऊन बाजूला झाले. झाकण खड्ड्याच्या कडेला उभं करून ठेवलं होतं, रोजच्यासारखं. टिल्ल्या खड्ड्यात उतरून फाट्याची पट्टी दाबून बसला, कारण ती सैल झाली होती आणि हात काढला की वरच्या फाट्यात पाणी शिरायचं. खालचे नळ नुसते फुसफुसत राहिले. फार वेळ फुसफुसले.

तास भरला. नवरा दांडा घेऊन खड्ड्याशी आला आणि टोपण मागितलं. पाववाला म्हणाला, आमच्याकडे आत्ता कुठे पाणी येतंय, आता कसला बंद करतोस. नवरा म्हणाला, तास म्हणजे तास. वरचे चार जण त्याच्या मागे येऊन उभे राहिले, खालचे दहा जण पाववाल्याच्या मागे. मग वरून आणखी आले. मी मशीन थांबवलं. खड्ड्यातून टिल्ल्याने मान वर काढली आणि म्हणाला, "दाजी, शेवटच्या नळाला पाणी आत्ता पोचलंय. थोडं थांबा."

एवढंच म्हणाला. खरं ते म्हणाला. पण वरच्यांपैकी कुणीतरी ओरडलं, बघा, पाववाल्याचा चहा बोलतोय. आणि खड्ड्याच्या काठाशी बसून त्याने टिल्ल्याच्या तोंडावर थाडकन चप्पल मारली.

पाववाल्याने चप्पल मारणाऱ्याला मानगुटीला धरून उचलला आणि जमिनीवर आपटला. त्याच्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मी दुकानातून ऐकला. मग काय, सुरुवात व्हायचाच अवकाश होता. किती दिवसांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. माझ्या नवऱ्याने दांडा फिरवला तो पाववाल्याच्या खांद्यावर बसला. पाववाल्याने टोपण मुठीत आवळलं आणि त्या मुठीने नवऱ्याच्या तोंडावर ठोसा दिला. नवरा थुंकला तेव्हा रक्ताबरोबर दोन दात पडले. बायका बादल्यांनी एकमेकींची डोकी फोडत होत्या. माझ्याकडून ज्यांच्या मुलींचे फ्रॉक शिवून जातात त्या बायका. एका म्हाताऱ्याला कुणीतरी केसांना धरून फरफटत नेलं. मी मधे घुसले, ओरडले, दोघांना कानफटात मारल्या, एकाने माझ्या पोटात कोपर मारलं आणि मी खाली बसले.

खाली बसले म्हणून मला दिसलं. पाच-सहा जणांचा तो गुंता ढकलाढकली करत खड्ड्याच्या कडेला गेला आणि उभ्या झाकणावर आदळला. झाकण डुगडुगलं. मी टिल्ल्याला हाक मारली. हाक पोचायच्या आत झाकण आत गेलं.

आधी धातूचा आवाज आला, मग माझ्या भावाचा.

मी रांगत काठाशी गेले. झाकण व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपवर पडून पाइप फुटला होता आणि तिथून पाणी उसळत होतं. झाकण तसंच घसरून त्याच्या डाव्या पायावर, गुडघ्याखाली, आडवं बसलं होतं. तो अर्धवट बसल्यासारखा अडकला होता. पाय ओढायला गेला की किंचाळायचा. पाणी लाल झालं होतं आणि वर चढत होतं. आधी कमरेला, मग छातीला. उभा राहिला असता तर खांदे बाहेर राहिले असते, पण उभं राहता येईना.

मी ओरडले, चावी आणा, व्हॉल्व्ह बंद करा. भांडण थांबलं, हे कबूल. सगळे खड्ड्याभोवती जमले. दोघे आत उतरले, पण झाकण पाण्याखाली, पाण्याचा लोट तोंडावर, त्यांना ते हलेना. आधी पाणी थांबायला हवं होतं. त्यासाठी चावी हवी होती. आणि चावी दोन तुकड्यांत होती.

नवरा खड्ड्याच्या एका बाजूला दांडा धरून उभा. पाववाला दुसऱ्या बाजूला, टोपणाची मूठ अॅप्रनखाली खुपसून. मी म्हटलं, द्या. नवरा तोंडातलं रक्त पुसत म्हणाला, आधी त्याला टोपण टाकू दे. पाववाला म्हणाला, आधी दांडा खाली ठेव, हातात दांडा असलेल्या माणसाजवळ मी येत नाही. त्याचंही खरं होतं, त्याचा खांदा उतरला होता. नवरा म्हणाला, दांडा ठेवला की हे दोन्ही तुकडे पळवतील आणि मग आपण मरेपर्यंत नळ चाटत बसू. मागून वरचे म्हणाले, सोडू नको. मागून खालचे म्हणाले, देऊ नको. पाणी टिल्ल्याच्या खांद्याला लागलं.

एका बाईने बादली खड्ड्यात बुडवली आणि पाणी रस्त्यावर फेकायच्या ऐवजी उचलून घराची वाट धरली. ती त्याला वाचवायला उपसत होती की चोरत होती, देव जाणे. तिच्या पाठीत लाथ बसली. राखीव पाणी चोरतेस, म्हणून. दुसऱ्या एकाने खरंच उपसायला घेतलं, त्याला तिघांनी बुकलला. माझाच नियम होता तो. टाकीच्या पाण्याला पाळीशिवाय हात लावायचा नाही. या लोकांनी माझे सगळे नियम मोडले, पण नेमका हा त्या दिवशी पाळला.

मी नवऱ्यासमोर गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्याला कधी अहोशिवाय हाक मारली नाही. त्या दिवशी म्हटलं, "दे इकडे तो दांडा. तुझ्या घरात वाढलाय तो पोरगा."

तो म्हणाला, "आधी टोपण."

पायाशी बादली पडली होती. मी ती उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्या कपाळावर घातली. तो गुडघ्यावर बसला. दुसरी घातली. मग त्याची बोटं सुटली आणि दांडा माझ्या हातात आला. त्याच्याकडे बघायला मला वेळ नव्हता. मी दांडा घेऊन खड्डा वळसा घालून पाववाल्याकडे गेले आणि त्याच्या अॅप्रनला हात घातला. तो मागे सरला. मी त्याच्या उतरलेल्या खांद्यावर दांडा ठेवून दाबला. त्याचं तोंड पांढरं पडलं. त्याने मूठ बाहेर काढली आणि उघडली.

मुठीत काही नव्हतं. नुसती पिठाने आणि रक्ताने माखलेली बोटं. तो हलक्या आवाजात म्हणाला, बाई, ते मारामारीतच हातातून निसटलं. कुठे गेलं माहीत नाही. हरवलं म्हटलं असतं तर माझ्याच गल्लीने मला फाडून खाल्लं असतं.

म्हणजे इतका वेळ हा माणूस नसलेल्या टोपणासाठी अडून बसला होता, आणि माझा नवरा त्या नसलेल्या टोपणाची वाट बघत होता, आणि माझा भाऊ बुडत होता. पावसाच्या नावाने तीन वर्षं बोंब मारणाऱ्या वस्तीत माझा भाऊ भर चौकात बुडून मरायला निघाला होता. मला हसू आलं. खरंच आलं. लोकांना वाटलं, बाईचं डोकं गेलं.

टिल्ल्याने मान मागे टाकून तोंड वर केलं होतं. पाणी त्याच्या कानांत शिरत होतं. तो ओरडत नव्हता आता, फक्त नाकाने श्वास घेत होता आणि माझ्याकडे बघत होता. लहान असताना न्हाऊ घालताना डोळ्यांत साबण गेला की तसा बघायचा, आता ताई काहीतरी करील म्हणून.

या लोकांना मी ओळखते. त्याला वाचवा म्हटलं असतं तर चार जण पुढे आले असते आणि चाळीस जणांनी त्यांना चोर म्हणून मारलं असतं. दांडा मी बाजूला फेकून दिला. चहाच्या टपरीचं बाकडं ओढलं, त्यावर उभी राहिले आणि पोटातून ओरडले. "राखीव पाणी खुलं केलंय. समितीची प्रमुख म्हणून सांगते. ज्याला जेवढं नेता येईल तेवढं न्या. पाळी नाही, तास नाही. टाकी रिकामी होईस्तोवर न्या."

क्षणभर कुणाला पटेना. मग जी लाथ खाऊन पडली होती तीच बाई उठली आणि बादली घेऊन आली. आणि मग धरण फुटावं तशी दोन्ही गल्ल्यांतून माणसं आली. बादल्या, पातेली, टब, तेलाचे डबे, बाळाची आंघोळीची घमेली. काठाशी जागा मिळावी म्हणून एकमेकांना चावले, ओरबाडलं, पायाखाली घेतलं. एकाच्या कोपराने दुसऱ्याचा डोळा सुजला. कुणी बादली बुडवताना टिल्ल्याच्या डोक्यावर आपटली, कुणाच्या डब्याच्या काठाने त्याचा कान अर्धा फाटला, एक जण तर त्याच्या खांद्यावर पाय देऊन उभा राहिला. मी आत उडी मारली आणि दोन्ही हातांनी त्याची हनुवटी वर धरून ठेवली. माझ्या पाठीवर, डोक्यावर बादल्या बसत होत्या. पण पाणी उतरलं. कानाखाली आलं, हनुवटीखाली आलं. मग पुन्हा चढलं, कारण भरलेल्या बादल्या घरी न्यायला माणसं गेली होती. मी शिव्या घातल्या. आयुष्यात जेवढ्या ऐकल्या होत्या तेवढ्या सगळ्या घातल्या. माणसं धावत परत आली आणि पाणी पुन्हा उतरलं.

एकाही माणसाने तिथे त्याच्यासाठी पाणी उपसलं नाही. सगळ्यांनी स्वतःसाठी उपसलं, आणि त्यावर तो जगला. यात कुणाचे आभार मानायचे ते मला अजून कळलेलं नाही.

दुपार झाली तेव्हा पाइपने उचकी लागल्यासारखा आवाज केला, हवा थुंकली आणि बंद पडला. टाकी संपली. मग पहारी घालून झाकण उचललं. गाळात हात घातला तेव्हा पाववाल्याचं टोपण टिल्ल्याच्या अडकलेल्या पायाशीच सापडलं. पायाकडे मी बघितलं नाही, पण हाताला लागलं ते लागलंच.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बघितल्या बघितल्या सांगितलं, गुडघ्याखालून काढावा लागेल, वाट बघण्यात अर्थ नाही. काढला. नवऱ्याला त्याच दवाखान्यात शेजारच्या खोलीत टाके घातले. तो भिंतीला टेकून बसला होता आणि हातांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक दवाखान्याच्या दाराशी आले. दोन्ही गल्ल्या मिळून आल्या. वरचे आणि खालचे खांद्याला खांदा लावून चाललेले मी आधी कधी बघितले नव्हते. घरोघरी पिंपं काठोकाठ भरलेली होती, पण ते पाणी किती दिवस पुरणार, हे रात्री सगळ्यांनाच समजलं होतं. पाऊस अजून लांब, आणि टाकीत आता फक्त गाळ. म्हणून आता गुन्हेगार हवा होता.

मी पायरीवर गेले. पुढे पाववाला होता, हात गळ्यात अडकवलेला. त्याने सगळ्यांच्या वतीने विचारलं. "एका माणसासाठी सगळ्या वस्तीचं पाणी उधळलंस. तुझा भाऊ नसता तर उधळलं असतंस का?"

प्रश्न रास्त होता. मी रात्रभर स्वतःला तोच विचारत होते. मी म्हटलं, माहीत नाही. म्हटलं, काल तुम्ही जे नेलं त्यातलं निम्मं परत आणून टाकीत ओता, आपण पुन्हा वाटून घेऊ, आजपासून नवं नियोजन करू. कुणी हललं नाही. मग मागून दगड आला. भुवईवर बसला. मारणारा मला दिसला, आणि मी त्याला बघितलं हे त्यालाही समजलं, म्हणून त्याने दुसरा उचलला.

नवऱ्याने मला दंडाला धरून आत ओढलं आणि दार लावून त्याला पाठ लावली. दाराला धक्के बसायला लागले. प्रत्येक धक्क्यासरशी त्याच्या कपाळावरच्या पट्टीतून नवं रक्त येत होतं. तो म्हणाला, तू त्याच्याजवळ जा, दार मी धरतो. एवढंच म्हणाला. मी पुन्हा अहो म्हणाले त्याला, सवयीने.

टिल्ल्या जागा होता. त्याने बाहेरचं सगळं ऐकलं होतं. चादर डाव्या बाजूला सपाट झाली होती, आणि तो तिथे न बघता छताकडे बघत होता. मी शेजारी बसले. भुवईतलं रक्त डोळ्यांत येत होतं ते पदराने पुसलं.

तो म्हणाला, "ताई, मला जाऊ द्यायचं होतंस. एका माणसाला एवढं पाणी? हिशेबात बसत नाही."

मी त्याला कानाखाली वाजवली. दुखण्यातल्या माणसाला, ताजे टाके असलेल्या माणसाला, अख्ख्या हाताने. पाचही बोटं उमटली. म्हटलं, "माझ्या हिशेबात बसतं. पुन्हा बोललास तर दुसरा कान तोडीन."

तो गाल धरून बघत राहिला आणि मग रडायला लागला, मोठ्याने, लाज न बाळगता. काल खड्ड्यातही तो असा रडला नव्हता. मीही रडले असते, पण तेवढ्यात खिडकीची काच फुटून दगड आत आला आणि खाटेच्या पायाला लागून फिरत गेला. मागोमाग आणखी एक आला. मी उठले आणि खिडकी आणि त्याच्या खाटेच्या मधे, खिडकीकडे पाठ करून, उभी राहिले.